चाईवरच्या औषधचाचणीत सहभागी होताना

चाई (अ‍ॅलोपेशिया एरियाटा), म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस गळण्याच्या आजारावरच्या एका औषधचाचणीतला माझा सहभाग आता पूर्ण झाला आहे. अशा चाचणीत शिरायचे कसे, आत गेल्यावर काय करावे लागते आणि बाहेर पडताना हातात काय उरते, हे शोधताना मला सुरुवातीला एक तर कोरडी माहितीपत्रके सापडली किंवा घाबरवून सोडणाऱ्या ऐकीव गोष्टी. ज्यांच्यासमोर आज हाच निर्णय आहे त्यांच्यासाठी जे घडले ते क्रमाने लिहिते. औषधाचे आणि केंद्राचे नाव लिहिणार नाही. ते जॅक इनहिबिटर (जॅक नावाची विकरे अडवणारी औषधे) या वर्गातले, तोंडाने घ्यायचे औषध होते, एवढे पुरे आहे.

ऑगस्ट 2020 मध्ये कानामागची नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून पाहून उद्गारचिन्हासारखे, मुळाशी बारीक होत गेलेले तुटके केस दाखवले आणि निदान तिथेच झाले. त्या जागेत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शने घेतली की तिथे केस येत, पण तोवर दुसरीकडे नवी चाई पडलेली असे. पुढे डीपीसीपी नावाचे द्रव्य लावून त्वचेवर मुद्दाम अ‍ॅलर्जी उठवण्याचा उपचारही झाला. खाज भरपूर सुटली, केस मात्र फारसे आले नाहीत. 2022 च्या मध्यापर्यंत निम्म्याहून अधिक डोके, दोन्ही भुवया आणि बहुतेक पापण्या गेल्या होत्या. पापण्या नसल्या की घाम आणि धूळ थेट डोळ्यांत उतरते, आणि नाकातले केस गेले की खाली वाकताच नाक गळू लागते, हे हा आजार झाल्याखेरीज कोणाच्या ध्यानात येत नाही. हाताच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डेही पडले होते.

चाचणीकडे वळण्याआधी मी आजार समजून घेतला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला वाटते. आयुष्यात केव्हा ना केव्हा चाई होण्याची शक्यता साधारण 2 टक्के लोकांना असते. निरोगी केसाचे मूळ वाढीच्या काळात रोगप्रतिकार यंत्रणेच्या नजरेआड राहते. चाईत हे संरक्षण ढासळते आणि सीडी8 जातीच्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्याच हल्ला करणाऱ्या पेशी, मुळाभोवती गोळा होतात. कोलंबिया विद्यापीठातील अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःला हा आजार आहे. त्यांच्या गटाने 2010 मध्ये रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केसांच्या रचनेशी संबंधित जनुकांऐवजी रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकेच मोठ्या प्रमाणावर पुढे आली. 2014 मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या संशोधनाने दाखवले की या पेशी आणि केसाचे मूळ यांच्यातले निरोप इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-15 या प्रथिनांमार्फत जातात, पेशीच्या आत ते जॅक नावाच्या विकरांकडून पुढे पोहोचतात, आणि ती विकरे अडवली की केस पुन्हा वाढू शकतात. त्याच वर्षी येल विद्यापीठातील डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला सोरायसिस होता आणि अंगावरचे जवळजवळ सगळे केस गेलेले होते. टोफासिटिनिब हे जॅक अडवणारे औषध सुरू केल्यावर त्याच्या डोक्यावरचेच नव्हे, तर भुवयांचे आणि पापण्यांचेही केस परतले. पांढऱ्या कोडातही इंटरफेरॉन गॅमाचा हाच मार्ग रंगपेशींच्या मुळावर उठतो, आणि म्हणून जुलै 2022 मध्ये अमेरिकेत कोडासाठी मान्य झालेले रुक्सोलिटिनिबचे मलमही याच वर्गातले आहे. केस गळणे हा सौंदर्याचा प्रश्न आहे असे ऐकवणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी मला ही माहिती पुष्कळदा उपयोगी पडली.

जून 2022 मध्ये तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या जॅक अडवणाऱ्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या दोन अभ्यासांवर ती आधारलेली होती त्यांत मिळून 1200 प्रौढ रुग्ण होते. 36 आठवड्यांनी डोक्याचा किमान 80 टक्के भाग केसांनी झाकला जाणे ही यशाची कसोटी होती, आणि रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी एका अभ्यासात सुमारे 39 टक्के व दुसऱ्यात सुमारे 36 टक्के रुग्ण तिला उतरले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे 6 आणि 3 टक्के होते. म्हणजे औषध खरोखर काम करते, आणि तरीही निम्म्याहून अधिक लोकांना त्या मुदतीत तेवढे केस येत नाहीत. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवून मी निर्णय घेतला. मान्यता मिळालेले औषध माझ्यापर्यंत पोहोचायला आणि विम्याने त्याचा खर्च उचलायला किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नव्हते. माझ्या डॉक्टरांनी त्याच वर्गातल्या एका नव्या औषधाच्या चाचणीचा पर्याय सुचवला.

जानेवारी 2023 मध्ये मी जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांच्या नोंदणीत आजाराच्या नावाने शोध घेतला आणि ती चाचणी नोंदलेली आहे, तिला क्रमांक आहे, सहभागी करून घेणे अजून सुरू आहे, एवढे आधी पाहून घेतले. ज्या चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणी देत नाही तिच्यापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्रतेच्या अटी तिथेच वाचता येतात. माझ्या चाचणीत डोक्यावरचे किमान निम्मे केस गेलेले असणे आणि सध्याचा झटका ठरावीक वर्षांपेक्षा जुना नसणे या दोन मुख्य अटी होत्या. दुसऱ्या अटीमुळे जुने रुग्ण बाहेर राहतात. त्यामागचे शास्त्रीय कारण समजते, पण पंधरा-वीस वर्षे ज्यांनी हे सोसले त्यांनाच दार बंद असावे हे मला आजही पटत नाही. केंद्राकडे चौकशी पाठवल्यावर समन्वयक बाईंचा फोन यायला बरेच आठवडे गेले. फोनवर आजाराची सुरुवात, आधीचे उपचार, चालू औषधे आणि इतर आजार यांविषयी विचारले गेले. उपचारांच्या तारखा लिहून काढलेला कागद समोर होता म्हणून उत्तरे भराभर देता आली.

फेब्रुवारीत संमतीपत्र हातात आले. ते चांगलेच जाडजूड होते. त्यावर लगेच सही करण्याचे बंधन नसते. ते घरी नेण्याचा, घरच्यांना आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवण्याचा आपल्याला अधिकार असतो, आणि तो बजावावाच. मी समासात पेन्सिलीने प्रश्न लिहून परत गेले आणि संशोधक डॉक्टरांनी एकेकाचे उत्तर दिले. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे संगणक ठरवतो, ते मलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. कोणत्याही क्षणी, कारण न देता, मी बाहेर पडू शकते आणि त्यामुळे माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. माझे नमुने आणि नोंदी नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने जातील. औषधामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हेही त्यात लिहिलेले होते. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क होता. तक्रार थेट तिथे करता येते.

मात्र एका प्रश्नाचे उत्तर मी तीनदा निरनिराळ्या प्रकारे विचारून घेतले: चाचणी संपली त्या दिवशी औषधाचे काय होणार? या वर्गातली औषधे आजार मुळापासून घालवत नाहीत, तर निरोपाची वाट अडवून धरतात. औषध थांबले की बऱ्याच जणांचे केस काही महिन्यांत पुन्हा जाऊ लागतात. पहिल्या 24 आठवड्यांनंतर सर्वांना खरे औषध मिळणारा वर्षभराचा विस्तार होता, आणि त्यापुढे पुरवठा होण्याची हमी नव्हती. हे वाक्य संमतीपत्रात असते, पण ते दुष्परिणामांच्या लांबलचक यादीनंतर येते आणि तोवर वाचणारा थकलेला असतो. औषधचाचणी हा उपचार नव्हे. ती एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आखलेली असते आणि आपण त्या उत्तरासाठी आपले शरीर व वेळ देतो. हे मनाशी नीट ठरले तरच पुढचे महिने सुसह्य होतात.

दुष्परिणामांच्या भागात चौकट घालून इशारा दिलेला होता. गंभीर संसर्ग, कर्करोग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि मृत्यू असे शब्द एका परिच्छेदात वाचताना कोणाचाही हात थबकेल. डॉक्टरांनी समजावले की हा इशारा मुख्यतः टोफासिटिनिबच्या एका मोठ्या अभ्यासातून आला. त्यातले रुग्ण संधिवाताचे, पन्नाशी ओलांडलेले आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले होते. 2021 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने संधिवातासारख्या आजारांसाठी वापरल्या जाणाऱ्या याच वर्गातल्या इतर गोळ्यांवरही तो लागू केला. माझे वय कमी आहे, मी धूम्रपान करत नाही आणि घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नाही, म्हणून माझ्यासाठी धोका कमी आहे, पण शून्य नाही, असे त्यांनी सांगितले. ‘शून्य नाही’ हे शब्द त्यांनी स्वतःहून उच्चारले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मार्चमध्ये पात्रता तपासणी झाली. क्षयरोगासाठी रक्ताची इग्रा चाचणी, छातीचा एक्स-रे, हेपेटायटिस बी व सी, एचआयव्ही, ईसीजी, यकृत, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन, रक्तातली चरबी आणि गर्भधारणा चाचणी, असे सगळे त्यात होते. सुप्त क्षयरोग किंवा हेपेटायटिस बी दबा धरून असेल तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने तो उसळू शकतो, म्हणून या चाचण्यांत सूट नसते. आधीची औषधे शरीरातून उतरावीत म्हणून ठरावीक काळ कोणताही उपचार घ्यायचा नव्हता, आणि त्या काळात उरलेल्या केसांतलेही काही गेले. हा टप्पा मनाला फार जड जातो, त्याची तयारी ठेवावी. जिवंत विषाणू असलेल्या लसी औषध सुरू असताना चालत नाहीत, त्यामुळे राहिलेल्या लसींविषयी याच वेळी विचारावे. नागिणीवर जिवंत विषाणू नसलेली लसही मिळते. विश्वासार्ह गर्भनिरोध वापरणे बंधनकारक होते, आणि त्याविषयीचे प्रश्न प्रत्येक भेटीत, तितक्याच अलिप्तपणे, विचारले गेले. माझा एक रक्तनमुना मध्यवर्ती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत खराब झाला आणि पुन्हा द्यावा लागला. पात्रतेची मुदत संपत आलेली असताना निकालाची वाट पाहणे हा सगळ्या प्रवासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग होता.

एप्रिलमध्ये पहिले मोजमाप झाले. डोक्याचे चार भाग करतात: माथ्याचा वाटा 40 टक्के, मागच्या भागाचा 24 आणि दोन्ही बाजूंचे 18-18. प्रत्येक भागातले किती टक्के केस गेले ते पाहून त्याच्या वाट्याशी गुणतात आणि चारही आकडे मिळवतात. येणारा सॉल्ट स्कोअर पूर्ण केस असतील तर 0 आणि एकही नसेल तर 100 असतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कंगव्याच्या टोकाने केस बाजूला करत आकडे उच्चारले आणि परिचारिकेने डोक्याच्या छापील आकृतीवर ते भरले. माथ्याचे 60 टक्के केस गेलेले, म्हणजे 24. मागे सगळेच गेलेले, म्हणजे आणखी 24. दोन्ही बाजूंचे मिळून 25. एकूण 73. इतकी वर्षे ‘थोडे गेलेत’, ‘फार गेलेत’ अशा शब्दांत बोलल्यावर स्वतःच्या डोक्याची अशी बेरीज ऐकणे विचित्र होते, आणि खरे सांगायचे तर दिलासा देणारेही होते. या तपासणीआधी डोके भादरायचे नसते आणि केस रंगवायचे नसतात. भुवया गोंदवून घेतल्या असतील तर आधीच सांगावे. मग ठरलेल्या कोनांतून छायाचित्रे काढली जातात. ती कोण पाहणार आणि कुठे छापली जाऊ शकतात, याची परवानगी संमतीपत्रात वेगळी मागितलेली असते आणि ती नाकारता येते.

त्यानंतर गोळ्यांची बाटली, फोनमधली दैनंदिनी आणि एक कार्ड मिळाले. मी चाचणीत आहे आणि आणीबाणीत कोणत्या क्रमांकावर विचारून माझ्या गोळीचे गुपित उघडता येईल, हे त्या कार्डावर लिहिलेले होते. ते सतत जवळ ठेवायचे असते. रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्याव्या लागतात, आणि समन्वयक बाई त्या आपल्यासमोर मोजतात.

पहिल्या 24 आठवड्यांत माझ्या हाती अनिश्चिततेखेरीज फारसे काही लागले नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सुरुवातीला रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. तिसऱ्या महिन्यात कपाळाच्या डाव्या बाजूला, उजेड तिरपा पडला तरच दिसेल अशी पांढरी लव आली. चाईत परतणारे केस पुष्कळदा आधी पांढरे येतात, कारण हल्ला मुख्यतः रंगद्रव्य असलेल्या केसांवर असतो. हे ठाऊक असल्याने मला औषधच मिळते आहे अशी माझी पक्की समजूत झाली. अधूनमधून डोके दुखे, तेही मी औषधाच्याच खात्यावर मांडले. घरी सगळ्यांनी तर्क लढवणे सुरू केले होते. मी मात्र केंद्रावर एकही तर्क बोलून दाखवला नाही, कारण त्याने तपासणाऱ्यांच्या मनावर परिणाम होऊ शकतो. ऑक्टोबरच्या भेटीत स्कोअर जवळपास होता तिथेच निघाला.

विस्तार सुरू होताना संमतीपत्राची सुधारित आवृत्ती आली आणि नव्याने सही झाली. नवी माहिती हाती आली की असे होते. बदललेला भाग कोणता ते विचारून तेवढा तरी वाचावा. आता गोळी खरी होती, आणि तिने पहिली ओळख मुरुमांतून दिली. हनुवटीवर आणि पाठीवर ते उठले, शाळकरी वयात उठले होते त्याहून जास्त. एकदा सीपीके नावाचे स्नायूंचे विकर वाढलेले आले. डॉक्टरांनी आधी विचारले की आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला होता का. केला होता. रक्त द्यायच्या आधी एक-दोन दिवस भारी व्यायाम टाळावा, नाहीतर विनाकारण फेरतपासणी होते. रक्तातल्या चरबीचे प्रमाणही थोडे वाढले आणि त्यावर लक्ष ठेवले गेले. प्रत्येक सर्दी-तापाची नोंद दैनंदिनीत करावी लागे, मग ती औषधामुळे असो वा नसो.

केस जानेवारी 2024 पासून आले. आधी माथ्यावर, मग बाजूंना, आणि वसंत ऋतूत एके सकाळी तोंड धुताना साबणाचे पाणी भुवईवर अडले. मानेच्या वरचा पट्टा मात्र उघडाच राहिला. केसांच्या कडेने जाणारी ही चाई हट्टी असते असे मला सुरुवातीलाच सांगितले होते. ऑक्टोबर 2024 च्या शेवटच्या मोजमापात माझा स्कोअर 22 निघाला. यशाची कसोटी 20 किंवा त्याहून कमी अशी आहे, म्हणजे त्या मापाने मी अपयशी ठरते. 73 वरून 22 वर आलेल्या माणसाला अपयशी म्हणणारी कसोटी मला आधी खटकली. पण कुठेतरी रेघ मारल्याखेरीज दोन औषधांची तुलना होणार नाही, हेही खरे आहे. एवढेच की टक्केवारी वाचताना रेघेच्या अलीकडे थांबलेल्यांचे डोके कसे दिसते, याचाही विचार करावा.

खर्चाविषयी सगळ्यांनी विचारले, म्हणून सांगते. औषध, तपासण्या आणि केंद्रातल्या भेटी यांचे काहीही द्यावे लागले नाही. प्रवासखर्च पावत्या दिल्यावर परत मिळाला, पण पैसे खात्यात यायला प्रत्येक वेळी काही आठवडे लागत आणि एकदा हरवलेल्या पावतीचे पैसे मिळालेच नाहीत. बुडालेल्या रजा मात्र आपल्याच असतात. भेटी सकाळी उपाशीपोटी असत आणि अर्धा दिवस सहज जाई. नोकरीच्या ठिकाणी कारण सांगायचे की नाही हे आधीच ठरवलेले बरे. विग, टोप्या, भुवयांची पेन्सिल यांवरचा खर्च कोणीच भरून देत नाही.

औषध थांबल्यावर सुरक्षिततेसाठी आणखी एक भेट झाली आणि तिथे चाचणीशी संबंध संपला. 2025 च्या सुरुवातीला, सगळ्या नोंदी बंद झाल्यावर, मी कोणत्या गटात होते याचे पत्र आले: पहिले 24 आठवडे प्लासिबो. कपाळावरची ती लव आणि ती डोकेदुखी दोन्ही औषधाविना आलेली होती. चाई आपोआपही काही ठिकाणी भरून येते, म्हणूनच प्लासिबोचा गट लागतो. हे वाचून माहीत असले तरी स्वतःच्या कपाळाच्या बाबतीत ते मान्य करायला मला दोन दिवस लागले.

पत्र येईपर्यंत माथ्यावरचे केस पुन्हा विरळ होऊ लागले होते. याच वर्गातल्या, आता मान्यता असलेल्या औषधासाठी मी विम्याकडे अर्ज केला. त्यांनी आधीचे उपचार कधी घेतले आणि का थांबवले याचे पुरावे, उपचारापूर्वीचा व नंतरचा सॉल्ट स्कोअर, तारखांसह छायाचित्रे आणि अलीकडचा इग्रा अहवाल मागितला. चाचणी संपल्यावर या नोंदी केंद्राच्या संग्रहात जातात आणि मिळवायला महिने लागू शकतात. मी प्रत्येक भेटीत रक्ताच्या अहवालाची आणि मोजमापाच्या आकृतीची प्रत मागून घेत होते, त्यामुळे त्याच आठवड्यात सगळे जोडून पाठवता आले. पहिला अर्ज नामंजूर झाला. केसांचा प्रश्न विम्यात बसत नाही, असे कारण दिले होते. डॉक्टरांनी हा रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार असल्याचे पत्र जोडून फेरविचार मागितला, आणि सहा महिन्यांची मंजुरी मिळाली. मुदत संपताना स्कोअर पुन्हा मोजून पाठवायचा आहे.